जामीनदार क्रमांक दोन

केंदूर
१८ नोव्हेंबर २०२४

अहो,

तब्येत विचारत न्हाई. जेलात कुणाची तब्येत चांगली राहती? आन् हे पत्र तुमच्या हाती यायच्या आधी तिथले साहेब उघडून वाचत्यात म्हणं. तर साहेब, तुम्हालाबी नमस्कार. चोरून लिहिण्यासारखं ह्यात काय न्हाई, बायकोनं नवऱ्याला लिहिलंय.

परवा पोलीस आलते. जीप थेट आपल्या दारात. लगेच सगळ्या आळीला आपल्याकडं काही ना काही काम निघालं. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "भांडगावला सुदर्शनला धरला, त्याच्या आदल्या रात्री तो कुठं होता? टेम्पो कुठं होता?" मी पदर खोचला आन् म्हणलं, "घरी! रातभर घरी. टेम्पोबी दारात. पहाटं माझ्या हातचा चहा पिऊन शेवंती घेऊन निघाले." त्यांनी जबाबात तसंच लिहून घेतलं. आत्या उंबऱ्यात बसल्या होत्या. जीप गेल्यावर म्हणाल्या, "माझ्या पोराची अब्रू राखलीस गं." तुमच्या आईनं लग्नापासनं पहिल्यांदा मला नावाजलं, त्यासाठी पोलीस यावं लागले.

बाकी त्या रात्रीचं झाकून ठेवलेलं ताट कुणी खाल्लं ते मांजराला ठावं. मी इथं लिहीत न्हाई. नवरा रात्री घरी न्हवता असं आळीसमोर म्हणायचं म्हंजी पुढचा प्रश्न आलाच, मग कुठं होता? आन् त्याचं उत्तर आळीकडं माझ्याआधी तयार हाय. दौंड, दौंड आन् दौंड.

गांजाचं मला पटत न्हाई. शेवंतीच्या क्रेटखाली अठ्ठेचाळीस किलो निघाला म्हणत्यात. अहो, तुम्हाला शेजारच्या आप्पांच्या बिडीचा धूर सहन हुईना, तुम्ही कसला गांजा वाहताय! तो सतीश, ज्यानं तुम्हाला भाडं दिलं, त्याचंच हे काम. तोबी तिथंच हाय म्हणं. त्याच्या पंगतीला बसू नका.

एक विचारू का? आपली शेवंती पुण्याला गुलटेकडीच्या बाजाराला जाती. केंदूरहून गुलटेकडीला जायला दौंडकडचं भांडगाव कवापासनं लागायला लागलं?

हर्षदा


केंदूर
३ फेब्रुवारी २०२५

अहो,

जामिनाचा अर्ज फेटाळला हे तुम्हाला कळलंच असंल. कशानं फेटाळला ते सांगितलं का कुणी? माझ्यामुळं.

करुणा वकीलबाईंनी शिरूरला ऑफिसात बोलवून घेतलं. बाई चांगल्या हायत, जय भीम म्हणून हात जोडत्यात, चहा देत्यात, आन् मग असं बोलत्यात की चहा घशाखाली उतरत न्हाई. म्हणाल्या, "हर्षदाताई, हा मारामारीच्या केसमधला जामीन नाही. वीस किलोच्या वर गांजा म्हणजे व्यापारी प्रमाण. इथं जज्जसाहेबांना आधी स्वतःला पटावं लागतं की या माणसानं बहुधा गुन्हा केलेला नाही, आणि सोडला तर करणार नाही. हे पटलं तरच जामीन. सुदर्शन म्हणतात, टेम्पो रातभर सतीशकडे होता, सकाळी ताब्यात मिळाला, खाली काय भरलंय ते बघितलं नाही. यावर सरकारी वकिलांनी काय वाचून दाखवलं माहिती आहे? तुमचा जबाब. 'टेम्पो रातभर दारात होता.' मग सतीशनं माल भरला कधी?"

  नवऱ्याला राखायला म्हणून बोलले आन् त्याच्याच पायात बेडी घातली. पण मला एक सांगा, दुसरी कुठली बाई काय बोलली असती? आळीत उभं राहून "माझा नवरा रात्री घरी नसतो" म्हणली असती? दाखवा मला अशी बाई.

तर ती बाईच वकीलबाईंनी दाखवली. म्हणाल्या, "एक जण येऊन गेल्या. दौंडच्या. स्टेशनजवळ त्यांची खानावळ आहे. त्या सांगतात, सुदर्शन त्या रात्री त्यांच्या घरी होते आणि टेम्पो सतीश घेऊन गेला होता. प्रतिज्ञापत्र करायला तयार आहेत. पण तुम्ही म्हणता घरी, त्या म्हणतात त्यांच्याकडे. दोन्ही कागद एका फायलीत राहू शकत नाहीत."

नाव सांगायच्या आधीच मी म्हणलं, "शितल."

वकीलबाईंनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "तुम्हाला माहिती होतं?" माहिती! दौंडहून आलात की तुमच्या शर्टाला दुसऱ्याच्या मसाल्याचा वास येतो, ते माझ्या नाकाला वर्षभर माहिती हाय. मसाला आमच्यात असा भाजत न्हाईत. साहेब, हे वाचत असाल तर वाचा, मला आता कुणाची लाज न्हाई.

आता मला म्हणत्यात, प्रतिज्ञापत्र कर, की नवरा घरी न्हवता. कोर्टाच्या कागदावर, सही-शिक्क्यानं, मीच लिहून द्यायचं. ज्या तोंडानं पोलिसांना घरी म्हणलं त्याच तोंडानं. मी उठून आले. एस.टी. सुटली तरी मला कळलं न्हाई, दुसरीनं आले.

तुम्ही लिहा. होता का तिच्याकडं?

हर्षदा


केंदूर
२१ एप्रिल २०२५

तुमचं पत्र मिळालं. "वकीलबाई म्हणतील तसं कर. आईला जप." बस? पोस्टमन एवढ्या लांबून एवढ्यासाठी आला? मी विचारलं काय, तुम्ही लिहिलं काय. मुलाखतीलाबी काचेपल्याड फोन धरून नुसतं "बघू, बघू." व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा! मूग गिळून बसलात म्हंजी व्हयच की.

मी किती वाईट बाई हाय ते सांगते. रोज सकाळी फुलं तोडताना मी मनात दोन पारडी धरते. एकात तुम्ही शितलकडं होता, म्हंजी गांजाचं तुम्हाला काय ठावं न्हवतं, सुटाल. दुसऱ्यात तुम्ही तिच्याकडं न्हवता, म्हंजी टेम्पो तुमच्याचकडं, आन् माल तुम्हीच भरला. आन् मला काय वाटतं ठावं हाय का? हे दुसरंच खरं असावं. गांजा वाहिला असला तर वाहिला असू दे. आत राहिलात तर राहिलात. निदान तिच्या घरात झोपला न्हवता. असं वाटतं आन् मग माझीच मला भीती वाटती. शेजारची पिंकी कालच म्हणाली, "काकू, तुम्ही फुलं तोडताय का ओरबाडताय?"

म्हणून गेल्या गुरवारी मी दौंडला गेले. कुणाला सांगितलं न्हाई. आत्यांना म्हणलं, रक्ताची तपासणी करायची हाय. ते काय खोटं न्हवतं, रक्तच तापलं होतं.

खानावळ कसली, पत्र्याची शेड, पुढं दोन बाकडी. ड्रायव्हर लोक जेवत होते. मी बसले. ती आली. मला वाटलं होतं नटवी असंल, केसाला क्लिपा न् ओठाला लाली. कसलं काय, माझ्याच वयाची, वाळकी, हाताला पीठ. विधवा हाय ते कपाळावरनं कळलं. मला न विचारता ताट आणून ठेवलं आन् म्हणाली, "जेवा ताई. वाट बघत होते."

वाट बघत होती म्हणं. मी एक घास खाल्ला, भांडायला अंगात जोर पाहिजे म्हणून. वांग्याची भाजी होती. सुदर्शन, घरी वांगं केलं की तुम्ही नाक मुरडून ताट सारता, पंचवीस वेळा म्हणाला असाल की अंगाला खाजतं. तिला विचारलं, "ते हे खात्यात?" ती म्हणाली, "दोनदा घेत्यात." मला तिथंच तिच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या. आन् मेलीच्या हाताला चव हाय, तेबी लिहिते. दुसरी भाकरी मी स्वतः मागून घेतली.

मी विचारलं, "त्या रात्री होते का तुझ्याकडं?"

ती चुलीकडं बघत म्हणाली, "मी वकीलबाईंना सांगितलंय." एवढंच. निघताना म्हणाली, "ताई, तुमचं एक प्रतिज्ञापत्र मिळालं तर ते सुटतील. माझ्या एकटीचं कोण ऐकणार? मी कोण त्यांची?"

तेच तर मी विचारायला आलते, की तू कोण त्यांची. ते विचारायचं राहिलंच.

हर्षदा


केंदूर
२३ जून २०२५

अहो,

चार्जशीट आली, जामिनाचा दुसरा अर्ज टाकलाय. गेल्या आठवड्यात मी सही केली.

"माझे पती दिनांक अमुकच्या रात्री घरी नव्हते व टेम्पोही घरी नव्हता. मी पोलिसांना दिलेला जबाब लोकलाजेस्तव दिला होता." लोकलाजेस्तव हा शब्द वकीलबाईंचा. मी म्हणलं, अब्रूपायी लिहा. त्या म्हणाल्या, कोर्टात लोकलाजच चालते.

शिक्का मारणाऱ्या माणसानं वाचलं आन् चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. त्याचं बघणं मी जन्मात विसरणार न्हाई. बाहेर आले तर ती बाकावर बसलेली, तिच्या प्रतिज्ञापत्राची वाट बघत. माझ्या कागदावर तुम्ही घरी न्हवता आन् तिच्या कागदावर तुम्ही तिच्या घरी. दोन्ही कागद एकाच टाचणीत. वकीलबाईंनी माझ्यासमोर टाचले. त्या टाचणीचा आवाज माझ्या काळजात झाला बघा.

आत्यांना मी स्वतः सांगितलं, दुसऱ्याकडनं कळू नये म्हणून. त्यांनी त्या दिवसापासनं माझ्याशी बोलणं टाकलंय. त्यांच्या लेखी मी त्यांच्या पोराला बदनाम केलं. पोरगा काय करून बसला त्याचं काय न्हाई!

सुटलात तर पहिल्यांदा मी काय विचारणार ते तुम्हाला ठावं हाय. उत्तर तयार ठेवा.

हर्षदा


केंदूर
११ ऑगस्ट २०२५

जामीन मंजूर झाला.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आन् गोठ्यामागं जाऊन रडून आले. लेखी सांगते, आनंदानं रडले. राग बाजूला, जाळ बाजूला, पण तुम्ही घरी येणार. जज्जसाहेबांनी लिहिलंय की आदल्या रात्री टेम्पो आरोपीच्याच ताब्यात होता का ह्याबद्दल वाजवी शंका वाटते, दोन प्रतिज्ञापत्रं एकमेकांना धरून हायत, आरोपीवर आधीचा गुन्हा न्हाई. वकीलबाईंनी लगेच त्या आनंदावर पाणी ओतलं. "ताई, पेढे वाटू नका. जामीन म्हणजे निर्दोष नाही. केस चालायची आहे. तुम्हाला दोघींनाही साक्षीला उभं राहायचं आहे."

आता अडलंय जामीनदारावर. दोन पाहिजेत, जिल्ह्यातले, घर-जमीन नावावर असलेले. मी हौसराव मामांकडं गेले, ते म्हणाले पाठ धरलीय, कोर्टाच्या पायऱ्या चढवत न्हाईत. परवाच डोंगरावर जाऊन आले होते, पाठ धरली म्हणं! तुमचे पोपटराव, आपल्या लग्नात घोड्यापुढं नाचलेले, त्यांनी फोनच उचलला न्हाई. खून केलेल्याला जामीन राहतील, पण गांजा म्हणलं की सगळ्यांचे हात खिशात.

मग मी माहेरी, वडगाव रासाईला गेले. दादांनी माझ्या नावावर नदीकडचा तुकडा केलेला हाय, त्याचा उतारा काढला. बापच तो, तलाठ्यापर्यंत माझ्यासंगं चालत आला.

दुसरा जामीनदार कोण ते तुम्ही ओळखलंच असंल. तिचं पत्र्याचं घर तिच्या नावावर हाय. ती माझ्याआधी कागद घेऊन हजर होती.

हर्षदा


वडगाव रासाई
२९ ऑगस्ट २०२५

सुदर्शन,

हे पत्र कुणी उघडून वाचणार न्हाई, म्हणून सगळं लिहिते. तुम्ही केंदूरला घरात, मी माहेरी. पहाटं उठून का निघून गेले, आत्यांना सांगता येईना, तुम्हालाबी कळलं नसंल. आता वाचा.

सोमवारी कोर्टात आम्हा दोघींना पुकारलं. तिचे कागद आधी आलेले, म्हणून जामीनदार क्रमांक एक ती आन् क्रमांक दोन मी. तुमची लग्नाची बायको, आन् नंबर दुसरा. कारकुनानं विचारलं, आरोपीशी नातं? मी म्हणलं, "बायको." असं म्हणलं की मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. तिला विचारलं. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "ओळख."

बाहेर लिंबाखाली चहावाला होता. तिनं दोन चहा सांगितले. माझ्या जिभेला तवा हाड न्हवतं. मी म्हणलं, "एका रात्रीला ओळख म्हणत्यात व्हय दौंडला? काय खायला घातलंस त्या रात्री, तेबी कोर्टात सांगायचंस."

तिनं चहा तसाच ठेवला. म्हणाली, "ताई, त्या रात्री ते आलेच न्हवते."

मला वाटलं मला राखायला बोलती. मी म्हणलं, आता कशाला सारवासारव करतीस? ती म्हणाली, "त्या रात्री न्हाई, कुठल्याच रात्री न्हाई. वर्षभर जेवायला येत्यात. बाकड्यावर बसत्यात, ताट स्वतः उचलून ठेवत्यात, जात्यात. माझा उंबरा त्यांनी ओलांडलेला न्हाई. तुम्ही पोलिसांना घरी म्हणलात, ते खोटं हाय एवढं मला ठावं होतं, त्या दिवशी उजाडायच्या कितीतरी आधी टेम्पो दौंडच्या रस्त्यानं जाताना मी बघितला. गाडीत सतीश न्हवता. ते एकटेच होते. मग त्यांना कुठंतरी होते असं कुणीतरी म्हणायला पाहिजेच ना? मी म्हणलं."

"मग खोटं का बोललीस? तुझी अब्रू न्हाई का?"

"तुम्हाला न्हाई कळायचं," म्हणाली.

मला न्हाई कळायचं! अगं भवाने, मला न्हाई कळायचं तर जगात कुणाला कळायचं?

तरी मी तुम्हाला संधी दिली. तुम्ही संध्याकाळी घरी आलात. आत्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवण झालं. मी मांडीला मांडी लावून बसले आन् विचारलं, "त्या रात्री कुठं होता? खरं सांगा, मी काय बोलणार न्हाई." माझ्या मनात होतं, की तुम्ही म्हणाल, हर्षदा, सतीशच्या नादी लागलो, चुकलो. तेवढं म्हणाला असता तर मी तुमचे पाय धरले असते.

तुम्ही खाली मान घातली आन् म्हणालात, "शितलकडं. माफ कर." डोळ्यात पाणीबी आणलंत. माझ्या डोक्यावरनं हात फिरवलात.

अहो, न केलेल्या पापाची माफी मागितलीत! मला वाटलं होतं जगात सगळ्यात वाईट तुमच्या तोंडनं तिचं नाव ऐकणं. ते ऐकलं, आन् मी थंड पडले. माझ्या जळण्यावर सगळं खपतंय, हे तुम्ही ओळखलं होतं. बाईच्या भानगडीला बायको चार दिवस रडती आन् गप्प बसती, गांजाला बसणार न्हाई. वर्षभर मी जळत होते आन् त्या जाळावर तुम्ही तुमची भाकरी भाजून घेतलीत. मुलाखतीला काचेपल्याड गप्प बसत होता ते ह्याचसाठी. म्हणजे अठ्ठेचाळीस किलो तुम्हीच भरलं. आपल्या शेवंतीखाली. मी तोडलेल्या.

तर मी काय करणार ते ऐका. मी वकीलबाईंना विचारलंय. जामीनदाराला जामीन काढून घेता येतो, अर्ज द्यायचा. मग कोर्ट तुम्हाला बोलवतं, दुसरा जामीनदार आणा म्हणतं, न्हाईतर आत. येत्या बुधवारी मी तो अर्ज देणार.

न्यायासाठी करतीय असं समजू नका. गांज्यानं किती घरं बसली ते वकीलबाई बोलतील, त्यांना बोलता येतं. माझं कारण दुसरं हाय. केस उभी राहील तवा शितल पिंजऱ्यात जाईल, शपथ घेईल आन् खोटं बोलंल. सरकारी वकील तिला धुऊन काढंल, आख्खं दौंड ऐकंल, आन् खोटी साक्ष म्हणून उद्या तीच आत जाईल. तुमच्यापायी. मग तुम्ही जन्मभर तिचे. माझं खोटं माझ्या अब्रूसाठी होतं, तिचं खोटं तुमच्यासाठी होतं. ह्यात ती माझ्या पुढं गेली, ते मी कबूल करते, आन् तेच मला सहन हुईना. त्याच्याहून एक पाऊलबी मी तिला पुढं जाऊ देणार न्हाई. तिच्या नावावर तुम्ही सुटायचं न्हाई. आत बसायचं तर स्वतःच्या नावावर बसा, आन् सुटायचं तर खरं बोलून सुटा.

तिला मी फोन करून सांगितलंय, साक्षीला जाऊ नको. म्हणाली, जाणार. मी म्हणलं, बघते कशी जातीस.

बुधवारच्या आत खरं काय ते आधी आत्यांना सांगा. त्यांना वाटतंय मी त्यांच्या पोराला बदनाम केलं. मग करुणा वकीलबाईंना सांगा, त्या रस्ता काढतील. आन् मला भेटायला वडगावला येऊ नका. तुम्ही दारात येऊन उभं राहिलात, "हर्षदा" म्हणलात, की मी अर्ज फाडून टाकीन. मला माझा भरवसा न्हाई.

हर्षदा